वाचकांचे प्रश्न : इंजिनिअरिंगला जाताना लॅपटॉप कोणता?

प्रवेशाच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच विषय पुन्हापुन्हा असतो. त्यातले काही प्रश्न निवडून इथे एकत्र उत्तरं दिली आहेत. मॉडेल दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून ‘अमुकच घ्या’ असं सांगण्यापेक्षा मॉडेलच्या नावातून आणि तपशीलपत्रातून काय वाचायचं हे सांगितलं आहे. एक कसोटी मात्र जवळजवळ प्रत्येक उत्तरात येईल : जे नंतर बदलता येत नाही ते आधी बघा. एसएसडी आणि बॅटरी बदलता येते, काही लॅपटॉपमध्ये रॅमही. प्रोसेसर, ग्राफिक्स, पोर्ट आणि उष्णता बाहेर टाकण्याची रचना चार वर्षं आहे तशीच राहते, आणि स्क्रीन बदलणं सहसा परवडत नाही.

प्रश्न : मुलीला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला आहे. सगळे म्हणतात, सॉलिडवर्क्स आणि अ‍ॅन्सिससाठी ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉपच लागतो. खरंच लागतो का?

पहिल्या वर्षी तर नाहीच. तेव्हाचं काम म्हणजे सी किंवा पायथॉनमधले छोटे प्रोग्रॅम, थोडं द्विमितीय ड्राफ्टिंग आणि अहवाल लिहिणं. ते कुठल्याही चालू पिढीच्या लॅपटॉपवर होतं. खरी परीक्षा त्रिमितीय मॉडेलिंग सुरू झाल्यावर आणि पुढे सिम्युलेशनला येते.

सॉलिडवर्क्स, क्रिओ किंवा कॅटिया या त्रिमितीय मॉडेलिंगच्या प्रोग्रॅममध्ये एखादं माप बदललं की मॉडेल पहिल्यापासून क्रमाने पुन्हा रचलं जातं. आधी स्केच, मग त्यावरचं एक्स्ट्रूड, मग त्यावरची गोलाई. पुढची पायरी मागचीवर अवलंबून असल्यामुळे हे काम बरंचसं एकाच कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका गणनभागावर) चालतं. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड स्वस्थ बसलेलं असतं, त्याचं काम फक्त तयार झालेलं मॉडेल स्क्रीनवर दाखवणं आणि फिरवणं. विद्यार्थी करतात ती पन्नास-शंभर भागांची असेंब्ली आजच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर नीट फिरते, फक्त रॅम दोन चॅनेलमध्ये हवी (त्याबद्दल पुढे).

अ‍ॅन्सिससारख्या सिम्युलेशनचा हिशोब निराळा आहे. मेश (गणितासाठी भागाचे पाडलेले तुकडे) बारीक केला की समीकरणांची संख्या झपाट्याने वाढते आणि ती सगळी रॅममध्ये मावावी लागतात. मावली नाहीत की सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) एसएसडीवर लिहू-वाचू लागतो. दहा मिनिटांचं काम तासावर जातं ते इथे, आणि ग्राफिक्स कार्ड असून त्यात काही फरक पडत नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या मोफत आवृत्तीत मेशच्या आकाराला मर्यादा घातलेली असते. त्यामुळे अभ्यासक्रमातली बहुतेक उदाहरणं १६ जीबीत बसतात, प्रकल्पाच्या वर्षी ३२ जीबी असेल तर हात मोकळा राहतो.

स्वतंत्र कार्ड खरोखर उपयोगी पडतं ते रेंडरिंग (मॉडेलचं फोटोसारखं चित्र काढणं), हजारभर भागांची असेंब्ली, प्रवाहाच्या सिम्युलेशनचे कार्डावर चालणारे सॉल्व्हर आणि डीप लर्निंग यांच्यासाठी. यातलं काही करायचंच असेल तर जरूर घ्या, पण दोन गोष्टी पाहून. कार्डाची स्वतःची मेमरी निदान ६ जीबी हवी. दुसरं म्हणजे त्याला मिळणारे वॉट. आरटीएक्स ४०५० या एकाच नावाचं लॅपटॉप कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादांवर बसवलं जातं. पातळ लॅपटॉपमधलं आणि जाड लॅपटॉपमधलं कार्ड नावाने सारखं असलं तरी वेगात बराच फरक असतो. तपशीलपत्रात हा आकडा टीजीपी म्हणून येतो. तो दिलेलाच नसेल तर तो लॅपटॉप बाजूला ठेवावा, असं आमचं मत आहे.

आमचा क्रम असा : आधी एच वर्गाचा प्रोसेसर (हे अक्षर काय ते पुढच्या प्रश्नात), मग १६ जीबी रॅम आणि ती वाढवण्याची सोय, मग चांगली स्क्रीन, आणि उरलेल्या पैशांत कार्ड. दुकानात हा क्रम बहुतेक उलटा सांगितला जातो.

कार्ड असूनही मॉडेल अडखळत फिरत असेल तर बहुधा प्रोग्रॅम अंगभूत ग्राफिक्सवरच चालू असतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन तो प्रोग्रॅम यादीत घाला आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. सॉलिडवर्क्समधलं रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवण्याची सोय) साध्या जीफोर्स कार्डांवर चालू होत नाही, ते प्रमाणित वर्कस्टेशन कार्डांसाठी असतं. तो लॅपटॉपचा दोष नव्हे आणि शिकताना त्याने काही अडत नाही.

आणि एक तीन बटणांचा माऊस त्याच दिवशी घ्या. मॉडेल फिरवणं आणि सरकवणं मधल्या चाकाच्या बटणावर असतं. टचपॅडवर कॅड शिकणारा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात कंटाळतो.

प्रश्न : सारख्याच किमतीला दोन लॅपटॉप मिळत आहेत. एकात कोअर आय-७ १३५५यू आहे, दुसऱ्यात कोअर आय-५ १३५००एच. आय-७ घेणंच शहाणपणाचं ना?

नाही. इथे आय-५ जास्त ताकदीचा आहे. आय-७ १३५५यू मध्ये मोठे कोअर दोन आणि छोटे आठ, आय-५ १३५००एच मध्ये मोठे चार आणि छोटे आठ. त्याहून महत्त्वाचं शेवटचं अक्षर. यू म्हणजे १५ वॉटच्या पायावर आखलेला प्रोसेसर, एच म्हणजे ४५ वॉटच्या. छोटं काम दोघंही पटकन उरकतात. पण कोड कंपाइल करणं, सिम्युलेशन, रेंडरिंग असं काम पाच-दहा मिनिटं सलग चाललं की यू प्रोसेसर आपला वेग उतरवतो आणि एच टिकून राहतो.

याचा मोबदला बॅटरीत आणि वजनात द्यावा लागतो. संगणक शाखेत मुख्यतः प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला यू वर्गाचा हलका लॅपटॉप पुरतो. मेकॅनिकल, सिव्हिल आणि प्रकल्पात सिम्युलेशन करणाऱ्या सगळ्यांनी एच घ्यावा.

इंटेलच्या नव्या कोअर अल्ट्रा नावांतही शेवटचं अक्षर असंच वाचायचं. त्यातल्या अल्ट्रा २०० मालिकेत २५८व्ही सारखी व्ही अक्षराची नावं दिसली तर लक्षात ठेवा : तिथे रॅम प्रोसेसरच्या पाकिटातच असते, १६ किंवा ३२ जीबी. घेताना जितकी घ्याल तितकीच शेवटपर्यंत.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत गोम तिसऱ्या आकड्यात आहे. तो आकडा आतली रचना कोणत्या पिढीची हे सांगतो. रायझन ५ ७५२०यू मधला तिसरा आकडा २ आहे, म्हणजे आत झेन २, जी २०१९ मध्ये आली, आणि कोअर फक्त चार. रायझन ५ ७६४०एचएस मधला तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४ आणि सहा कोअर. दोन्हींवर ‘रायझन ५’ असंच चिकटवलेलं असतं. पहिला प्रोसेसर साध्या कार्यालयीन कामाला ठीक आहे, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला नाही.

प्रश्न : आत्ता ८ जीबी रॅमचा घेतो आणि तिसऱ्या वर्षी वाढवतो. चालेल ना?

वाढवता येत असेल तर चालेल, आणि नेमकं तेच घेण्याआधी तपासायचं. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डला सॉल्डर केलेली असते आणि रिकामा स्लॉट नसतो. तपशीलपत्रात एलपीडीडीआर असं लिहिलं असेल तर जवळजवळ नक्कीच सॉल्डर केलेली समजा. डीडीआर४ किंवा डीडीआर५ सोबत सोडिम हा शब्द असेल तर ती काढता-घालता येते. लॅपटॉप समोर चालू असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. ‘फॉर्म फॅक्टर’ समोर सोडिम लिहिलेलं असलं तर ठीक. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती सॉल्डर केलेली. काही मॉडेलांत थोडी रॅम सॉल्डर केलेली आणि जोडीला एक स्लॉट असतो. तीही व्यवस्था चांगलीच.

रॅम वाढवताना दोन चुका नेहमी होतात. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, दोन्हींची खाच वेगळ्या ठिकाणी असते, तेव्हा जोर लावू नका. दुसरी चूक म्हणजे दोन स्लॉट असताना १६ जीबीची एकच पट्टी वापरत राहणं. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो आणि माहितीचा ओघ दुप्पट होतो. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅमवरच जगतं, म्हणून त्याला हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. ८ अधिक ८ ही जोडी एकट्या १६ पेक्षा चांगली.

सॉल्डर केलेली ८ जीबी मात्र कोणत्याही शाखेसाठी घेऊ नये. विंडोज ११ आणि ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब यांतच पाच-सहा जीबी जातात. वर अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर उघडला की लॅपटॉप गुदमरतो.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्सला जातो आहे. बॅटरी टिकते म्हणून मॅकबुक घ्यायचा विचार आहे. स्नॅपड्रॅगनवाले नवे विंडोज लॅपटॉपही पाहिले. यातलं काय बरं?

बॅटरी दोन्हींची उत्तम आहे, तरीही तुमच्या शाखेला आम्ही दोन्ही सुचवणार नाही. कारण दोन्हींतला प्रोसेसर एआरएम जातीचा आहे आणि तुमची बरीच साधनं एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरसाठी लिहिलेली आहेत.

एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं घडवता येणारी चिप, यासाठी लागणारं व्हिवाडो एक्स८६ च्या विंडोजवर आणि लिनक्सवर चालतं, मॅकवर नाही. केलचं मायक्रोव्हिजन, मल्टिसिम, प्रोटियस ही विंडोजची साधनं आहेत. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिप असलेल्या मॅकवर बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज बसवण्याची सोय) नाही. आभासी यंत्रात (संगणकाच्या आत चालवलेल्या संगणकात) विंडोज चालवता येतं, पण तेही एआरएमचं विंडोज.

स्नॅपड्रॅगन लॅपटॉपवर विंडोज जुने एक्स८६ प्रोग्रॅम भाषांतर करून चालवतं आणि साधे प्रोग्रॅम त्यात खूपच नीट चालतात. अडतं ते ड्रायव्हरपाशी. ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही, तो एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो. प्रयोगशाळेतला जुना प्रोग्रॅमर, डीबगर किंवा लॉजिक अ‍ॅनलायझर जोडला आणि त्याचा एआरएम ड्रायव्हर निघालेलाच नसेल, तर पुढे उपाय नाही.

मॅकवर चालणारंही पुष्कळ आहे : मॅटलॅब, कायकॅड, एलटीस्पाइस, आर्डुइनो, आणि प्रोग्रॅमिंगची बहुतेक साधनं. म्हणून संगणक शाखेच्या विद्यार्थ्याने मॅकबुक जरूर विचारात घ्यावा. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स, सिव्हिलला रेव्हिट, ईटॅब्स, स्टॅड प्रो आणि आर्कजीआयएस प्रो ही सगळी विंडोजवर चालणारी, तिथे तो अडचणीचा. केमिकललाही अ‍ॅस्पेन हायसिससाठी विंडोज लागतं.

तुमच्यासाठी : इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर, १६ जीबी, आणि एसएसडी शक्यतो १ टीबी. व्हिवाडो पूर्ण बसवलं तर शंभर जीबीच्या वर जागा खातं. बसवताना फक्त आपल्या बोर्डवरच्या चिपचं कुटुंब निवडलं तर बरीच जागा वाचते. निदान दोन जुन्या धाटणीची यूएसबी-ए पोर्ट असू द्या. बोर्ड आणि डीबगर हबमधून जोडले की मधूनच संपर्क तुटण्याच्या तक्रारी सुरू होतात.

प्रश्न : संगणक शाखेसाठी लिनक्स लागतं म्हणे. मग विंडोज नसलेला लॅपटॉप घ्यावा, की दोन्ही ठेवावीत?

विंडोज असलेलाच घ्या आणि सुरुवात डब्ल्यूएसएलने, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याच्या सोयीने, करा. ते विंडोजच्या होम आवृत्तीतही चालतं, त्यासाठी प्रो घ्यायची गरज नाही. टर्मिनल, सी, पायथॉन, गिट, डॉकर हे सगळं त्यात होतं. कर्नलमध्ये बदल करण्याचे प्रयोग आभासी यंत्रात करावेत, कारण तिथे यंत्र कोसळलं तरी नुकसान होत नाही. त्यासाठी बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं. इंटेलवर ते व्हीटी-एक्स नावाने असतं, एएमडीवर एसव्हीएम.

दोन्ही प्रणाली शेजारी बसवायच्याच असतील तर क्रम मोडू नका. सगळ्यात आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. मग बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की उतरवून ठेवा. हल्ली मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, आणि बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ती की मागतं. ती नसेल तर डेटा गेला. नंतर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, डिस्क मॅनेजमेंटमधून साठ-ऐंशी जीबी जागा मोकळी करा, आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स न बसवता नुसतं चालवून वायफाय, आवाज, टचपॅड तपासा.

इंटेलच्या काही लॅपटॉपवर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. बायॉसमध्ये व्हीएमडी (इंटेलची एसएसडी हाताळण्याची व्यवस्था) चालू असल्यामुळे असं होतं. ती तशीच बंद केली तर विंडोज सुरू होणं थांबतं. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग व्हीएमडी बंद करा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि त्यानंतर सेफ मोडची खूण काढा.

प्रश्न : ‘एआय पीसी’ असं लिहिलेल्या लॅपटॉपला जास्त पैसे द्यावेत का?

त्या शब्दासाठी नको. त्यातला एनपीयू हा भाग कॅमेऱ्याची पार्श्वभूमी धूसर करणं, बोलण्याचं लेखन करणं अशी कामं कमी विजेत करतो. अभ्यासक्रमातलं मशीन लर्निंग प्रोसेसरवर किंवा एनव्हिडियाच्या कार्डावर कुडा या त्यांच्याच प्रणालीतून चालतं. मोठी मॉडेलं शिकवायला गूगल कोलॅबसारखी सोय मर्यादित वेळेसाठी मोफत मिळते.

प्रश्न : रोज पाठीवर न्यायचा आहे आणि वर्गात चार्जिंगची खात्री नाही. काय बघू?

बॅटरीचे ‘इतके तास’ हा जाहिरातीतला आकडा सोडून द्या आणि वॉट-तास बघा. साध्या कामात लॅपटॉप सरासरी १० वॉट घेत असेल तर ५० वॉट-तासांची बॅटरी पाच तास जाईल. गेमिंग लॅपटॉप त्याच कामाला पंधरा-वीस वॉट घेतो, तिथे तीच बॅटरी अडीच-तीन तासांची. शिवाय त्याचा चार्जरच अर्धा-पाऊण किलोचा असतो. लॅपटॉपचं वजन विचारताना चार्जरचं वजनही विचारा.

यूएसबी-सी पोर्ट असलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही, काही पोर्ट फक्त डेटापुरती असतात. चार्जिंगची सोय असेल तर ६५ वॉटचा छोटा चार्जर बॅगेत पुरतो. खोलीवर बराच वेळ प्लग लावूनच काम होत असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा, बॅटरी जास्त वर्षं जगते.

स्क्रीनमध्ये आयपीएस पॅनेल आणि निदान ३०० निट्स उजेड. स्वस्त लॅपटॉपच्या तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं दिसतं. त्यात रंग फिके आणि मातकट दिसतात, पण कोड लिहायला काही बिघडत नाही. १९२० बाय १०८० पेक्षा १९२० बाय १२०० मिळत असेल तर तीच घ्या. जास्तीच्या १२० ठिपक्यांच्या ओळींत कोडची चार-पाच वाक्यं जास्त दिसतात. १३६६ बाय ७६८ मात्र नको, कॅडच्या खिडक्यांची खालची बटणंच स्क्रीनबाहेर जातात.

प्रश्न : वापरलेला लॅपटॉप घेतला तर फसगत होईल का?

तपासून घेतला तर होऊ नये. कार्यालयांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांची बांधणी भक्कम असते आणि सुटे भाग मिळतात. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचीच घ्या, कारण विंडोज ११ त्याआधीच्यांना मान्य करत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी हा आदेश बॅटरीरिपोर्ट या पर्यायासह द्या. तयार होणाऱ्या अहवालात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची प्रकृती दिसते.

सगळ्यात मोठा धोका कुलपाचा. बायॉस उघडून बघा. पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप नको, कार्यालयीन यंत्रांत तो बॅटरी काढून जात नाही. मग तुमच्यासमोर विंडोज रीसेट करायला सांगा आणि नव्याने मांडणी होताना इंटरनेट जोडा. एखाद्या संस्थेचं खातं मागू लागला तर यंत्र अजून त्या संस्थेच्या नोंदीत आहे. असा लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी परत करा.

प्रश्न : नवा लॅपटॉप घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत काय तपासावं?

पेटी फेकू नका. स्क्रीनवर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग एकेक करून लावा, मेलेले ठिपके दिसतात. झाकण हळू उघडून-मिटवून बिजागरी कुरकुरते का, चौकट सुटते का ते पाहा. टास्क मॅनेजरमध्ये रॅम, तिचा वेग आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव बिलाशी जुळवा. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसते, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक.

नंतर सिनेबेंच हा प्रोसेसरची चाचणी घेणारा प्रोग्रॅम दहा मिनिटं सलग चालवा. पहिल्या मिनिटानंतर वेग थोडा उतरणं स्वाभाविक आहे. पण तो निम्म्यावर आला, किंवा पंख्यातून घासल्यासारखा आवाज आला, तर लगेच बदलून मागा. ही चाचणी टेबलावर करा. गादीवर ठेवला की खालची हवा अडते आणि चांगला लॅपटॉपही नापास होतो. प्रत्येक पोर्टला एकदा पेन ड्राइव्ह लावा, हेडफोन आणि कॅमेरा तपासा. वॉरंटीची तारीख कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर घालून बघा. ती खरेदीच्या आधीपासून मोजली जात असेल तर बिल दाखवून त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.